हात न जोडण्याचा हक्क

‘नास्तिकाचे हाल ख्रिस्ती मुलखात. आपल्याकडे त्याला कोण विचारतो? आपण तर चार्वाकालाही दर्शनांत जागा दिली.’ गिरगाव-दादरच्या सुशिक्षित घरांत हा युक्तिवाद इतक्या सहज होतो की तो तपासावा असे कुणाला वाटत नाही. चार्वाकापासूनच सुरुवात करू. त्याच्या मताची मूळ सूत्रे आज आपल्यापाशी अखंड नाहीत. ते मत कळते ते बहुतांशी त्याचे खंडन करणाऱ्यांच्या ग्रंथांतून. ज्याचे म्हणणे प्रतिपक्षाच्या तोंडून ऐकावे लागते, त्याचा दाखला आपल्या औदार्याचा पुरावा म्हणून कसा चालेल? राहिला ख्रिस्ती मुलूख. तिथे हाल झाले, यात शंका नाही. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला, पण शपथेच्या वादापायी त्याला आसन टिकवता येईना. मतदार त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. १८८६ साली तो कायमचा आत बसला आणि १८८८ च्या कायद्याने देवाच्या शपथेऐवजी प्रतिज्ञा करण्याची मुभा झाली. पुढच्याच वर्षी तो काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईत आला. इंग्लंडात नकार उघड दिला गेला, भांडण उघड झाले, निकालही उघड लागला. आपल्याकडे कायद्यापुरता हा प्रश्न राज्यघटनेने आधीच सोडवला: तिसऱ्या अनुसूचीत ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा हे दोन्ही पर्याय आहेत. त्यामुळे विधानभवनात नास्तिकाचे अडत नाही. त्याचे अडते ते चाळीच्या गॅलरीत.

गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, लालबागच्या राजाचे मंडळ १९३४ चे. या पट्ट्यात भाद्रपदाच्या आधी पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ते दारात येतात. आकडा बहुधा बैठकीत ठरलेला असतो, पावतीवर खोली क्रमांक लिहून तयार असतो. ‘यंदा जमत नाही’ म्हटले तर ‘राहू द्या काका’ म्हणून निभावते. ‘मी मानत नाही’ म्हटले की चेहरे बदलतात. गरिबी समजून घेतली जाते, मत घेतले जात नाही. यावर ठरलेले उत्तर असते की उत्सव ही संस्कृती आहे, त्यात धर्म कशाला आणता? मग प्राणप्रतिष्ठा कशाची होते, उत्तरपूजा कशाची होते, आणि सुतक असलेल्या घराने मूर्तीपासून लांब का राहायचे? जे विधीच्या नियमांनी चालते त्यात सामील होणे हे श्रद्धेचेच कृत्य आहे, आणि श्रद्धाळू माणसाने तरी ते नाकारू नये. मंडळांचे ऋण मात्र मान्य केले पाहिजे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, तेव्हा लालबाग-परळमध्ये माणसे धरून ठेवणाऱ्या ज्या मोजक्या जागा उरल्या त्यांत हे मंडप होते. रक्तदान शिबिरे त्यांनी घेतली, मुलांना वह्या त्यांनी वाटल्या. म्हणून तर पेच अवघड आहे: इथे देव नाकारला की शेजारही हातचा जातो.

हा पेच बाईला दुप्पट पडतो, आणि याबद्दल आमचे विवेकवादी पुरुष फार कमी बोलतात. नास्तिक नवरा ‘माझा विश्वास नाही’ म्हणून वर्तमानपत्र उघडून बसू शकतो. घरातल्या नैवेद्याला त्यामुळे खंड पडत नाही, कारण मोदकांची उकड बायको काढत असते. तीच बायको नास्तिक असेल तर हरतालिका, वटपौर्णिमा, संक्रांतीचे हळदीकुंकू या प्रत्येक ठिकाणी तिचे न जाणे मोजले जाते, आणि त्याचा जाब तिच्या माहेरालाही द्यावा लागतो. पुरुषाची नास्तिकता हे मत ठरते, बाईची ठरते उर्मटपणा. ‘आमच्याकडे सगळ्यांना मोकळीक आहे’ म्हणणाऱ्यांनी ही मोकळीक स्वयंपाकघरात जाऊन पाहावी.

‘विचार मनात ठेवा, दोन मिनिटे हात जोडले तर काय झिजते?’ असाही एक समजूतदार सल्ला दिला जातो. झिजत काहीच नसेल, तर न जोडणाऱ्याला शिक्षा का होते? नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत, म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. बोलणाऱ्याची गत तर आणखी वाईट. २०१२ साली विलेपार्ल्याच्या चर्चमधल्या क्रूसातून ठिबकणारे पाणी तुंबलेल्या सांडपाण्यातून वर चढते आहे, असे विवेकवादी सनल एडमारुकू यांनी सांगितले. त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. म्हणजे हा दोष एकट्या बहुसंख्य धर्माचा नाही. आणि ‘देव नाही म्हणणाऱ्याला नीती कुठली’ या आक्षेपाचे उत्तर गिरगाव चौपाटीवरच मिळते. तिथल्या मिशनऱ्यांच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या नास्तिक र. धों. कर्व्यांनी नोकरी गमावली, पण संततिनियमनाचा प्रचार सोडला नाही. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. परलोकातल्या कुठल्या बक्षिसाच्या आशेने?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट सांगितले की कोणताही धर्म नसल्याचे जाहीर करण्याचा नागरिकाला हक्क आहे. तो हक्क मिळवणारे अर्जदार येशूवर श्रद्धा ठेवणारे होते. त्यांना फक्त ख्रिस्ती धर्माचा शिक्का नको होता. तेव्हा पुढची मागणी देवाविरुद्धची कागाळी समजू नये. शाळेच्या अर्जावर धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेले मुकाट्याने स्वीकारले जावे. चाळ समितीने पंपाचे, जिन्यातल्या दिव्याचे आणि डागडुजीचे पैसे एका पावतीवर घ्यावेत, उत्सवाचे दुसऱ्या. दुसरी पावती न फाडणाऱ्याला कारण विचारू नये. याचा उपयोग नास्तिकापेक्षा खोताच्या वाडीतल्या ख्रिस्ती कुटुंबाला आणि नायगावच्या बीडीडी चाळीतल्या बौद्ध कुटुंबाला अधिक होईल. गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा त्या बौद्ध घराने १९५६ च्या धम्मदीक्षेपासून उघडपणे पाळली आहे, आणि पावतीपुस्तक त्याच्याही दाराशी येतेच.