बिऱ्हाड हलते, शाळा जागच्या जागी

ना. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल वरिष्ठ कायदेमंडळात मांडले; पुढील वर्षी ते 13 विरुद्ध 38 मतांनी नापास झाले. त्या काळी कायदा नाही म्हणून शिक्षण नाही, असे म्हणण्यास जागा होती. आज ती सबब उरलेली नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आहे. तरीही 2011 च्या खानेसुमारीत महाराष्ट्रातील साक्षरता शेकडा सुमारे 82 च भरली. ही तूट येते कोठून, याचा शोध हिशेबी माणसाने घेतलाच पाहिजे.

उदाहरणास दूर जावयास नको. खाडीकाठचे कोपरखैरणे 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोच्या योजनेत आले आणि शेताच्या जागी शहर उभे राहिले. हे शहर बांधणारे गवंडी व बिगारी बाहेरगावचे. एक इमारत पुरी झाली की त्यांचे बिऱ्हाड दुसऱ्या पायाकडे हलते. शाळा मात्र जागच्या जागी राहते. आईबाप कामावर, मोठी मुलगी धाकट्या भावंडापाशी, आणि तिचे नाव असलेच तर गावाकडच्या पटावर. आमच्या मते आज साक्षरतेच्या वाटेवरील मोठी धोंड ती हीच.

कोणी म्हणेल, या लोकांस विद्येची गोडीच नाही. हा आक्षेप जुना आहे. गरिबांची मुले दारिद्र्यामुळे शाळेत फार काळ टिकत नाहीत, असे जोतीराव फुले यांनी 1882 सालीच हंटर कमिशनपुढे सांगितले होते. रोजावर जगणाऱ्या बापाने शाळेत खेटे घालावयाचे म्हणजे त्या दिवसाची चूल बंद ठेवावयाची. त्यात गावच्या दाखल्याची मागणी झाली की तो पुन्हा फिरकत नाही. यास अनास्था म्हणणे अन्याय होय.

वास्तविक कायद्याने ही अडचण ओळखली आहे. दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम 5 सांगते. वय वाढलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे व मागे पडलेला अभ्यास भरून द्यावा, असे कलम 4 सांगते. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांस प्रवेश मिळवून देणे हे कलम 9 अन्वये स्थानिक संस्थेचे, म्हणजे येथे महानगरपालिकेचे, कर्तव्य आहे. मुलाने शाळा शोधावी असे कायदा म्हणत नाही. शाळेनेच मुलास शोधावे, हाच त्याचा आशय.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बांधकामाची परवानगी देतानाच तेथील मजुरांच्या मुलांची यादी ठेकेदाराकडून घ्यावी, आणि शिक्षकाने ती घेऊन त्या जागी जावे. मात्र सारा भार सरकारवर टाकून नागरिकांस मोकळे होता येणार नाही. जुनी इमारत पाडून नवी बांधणारे घरमालक आणि गाळे घेणारे व्यापारी ठेकेदाराशी करार करताना सिमेंट व सळईची चौकशी बारकाईने करतात. त्याच बैठकीत, मजुरांची मुले कोणत्या शाळेत जातात, हा एक प्रश्न विचारण्यास काय खर्च येतो? ज्यांनी आमच्या भिंती उभ्या केल्या, त्यांच्या मुलांस त्या भिंतीवरील पाटी वाचता येऊ नये, हे आमच्या शहरास शोभत नाही.