फराळाच्या ताटावरची मते

पोहता न येणारा माणूस पोहण्याविषयी बोलताना थोडा संकोचतो. स्वयंपाक न येणारा पुरुषदेखील आमटीला नावे ठेवण्याआधी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहून घेतो. परंतु मोटार आणि प्रवास या दोन विषयांवर मात्र आपल्याकडे कुणालाच संकोच वाटत नाही. दिवाळीत चार नातेवाईक जमले, चिवड्याची ताटली फिरू लागली, की आधी तब्येती, मग सोन्याचा भाव आणि मग मोटार! कुणी कोणती घेतली, लिटरला किती पळते आणि पुण्याहून किती वेळात आली!

ही सारी गंमत आहे असे आपण समजतो. माझे म्हणणे असे की, ही गंमत नव्हे. फराळाच्या ताटावर सहज टाकलेली ही मते घरातली पोरे कान देऊन ऐकतात, आणि पुढे रस्त्यावर सरकारच्या कायद्यापेक्षा त्यांचाच अंमल अधिक चालतो. म्हणून त्यांतल्या तिघांचा समाचार मी इथे घेणार आहे.

पहिले मत वेगाचे. ‘गाडी एकशेवीसवर असते, पण पोटातले पाणी हलत नाही!’ माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु त्रैराशिक मला येते. शंभर किलोमीटरचा सपाट रस्ता धरा. ताशी १०० च्या वेगाने त्याला साठ मिनिटे लागतात. १२० च्या वेगाने पन्नास. म्हणजे नफा दहा मिनिटांचा. ही दहा मिनिटे हे गृहस्थ वाटेतल्या हॉटेलात वडापावच्या रांगेत उभे राहून खर्च करतात! आता तोट्याची बाजू पाहा. आदळण्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग वीस टक्क्यांनी वाढला, तर तो जोर चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढतो. ताशी १०० च्या वेगाने धावणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ५६ मीटर जाते. आमच्या शाळेतले सात-सात मीटरचे आठ वर्ग ओळीने मांडा. मोबाइलवर ‘जरा’ नजर टाकणारा माणूस ते आठही वर्ग डोळे मिटून ओलांडतो. त्या वर्गांत पोरे बसलेली आहेत, एवढे लक्षात असू द्या.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी मुलांना प्रवासावर निबंध लिहायला सांगतो. वाटेतल्या नदीचे नाव त्यात क्वचित येते. बाबांनी किती ट्रक मागे टाकले हे मात्र हमखास येते. ही विद्या त्यांना शाळेने शिकवलेली नाही.

दुसरे मत असे की, मागे बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाही. आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली व्होल्वोच्या गाड्यांसाठी तयार केला, आणि त्या कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. एवढी फुकट मिळालेली वस्तू आपण सीटच्या फटीत दडपून ठेवतो! दसऱ्याला गाडीला हार घालतो, पुढे लिंबू-मिरची टांगतो. पट्ट्याला मात्र हात लावत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. गाडी परदेशी कंपनीची आणि उंची होती. देशभर हळहळ झाली. आठवडाभर लोकांनी मागचे पट्टे शोधले. पुढे काय झाले? पट्टा न बांधता त्याची सूचनेची घंटा बंद पाडणाऱ्या क्लिपा बाजारात इतक्या खपू लागल्या की, २०२३ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यांची ऑनलाइन विक्री थांबवण्याचे आदेश काढावे लागले. मरण टाळणारी घंटा बंद करण्यासाठी पदरचे पैसे मोजणारा ग्राहक! याला काय म्हणावे?

तिसरे मत सर्वांत गोड, म्हणूनच सर्वांत घातक. ‘बाळ आईच्या मांडीवरच सुरक्षित.’ आईची माया अफाट असते, हे मलाही मान्य आहे; पण तिच्या मनगटातले बळ अफाट नसते. ताशी ५० च्या वेगाने चाललेली गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोचे मूल त्या क्षणापुरते दोनशे किलोंच्या ओझ्यासारखे पुढे खेचले जाते. कोणती माता ते धरून ठेवील? २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीची खास व्यवस्था सक्तीची केली आहे. परंतु घरात आजीचे मत वेगळे असते, आणि गाडी आजीच्या मताने चालते.

‘रस्ते खराब आहेत, सरकार झोपले आहे, त्याचे काय?’ असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि खड्ड्यांचा जाब विचारलाच पाहिजे. पण खड्डा दिसताच वेग कमी करावा, एवढे तर बैलालाही कळते! सरकारी अहवाल सांगतो की, २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे रोज साडेचारशेहून अधिक, एस.टी.च्या दहा भरलेल्या गाड्या, दररोज! त्यांतले दहांतले सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर आहेत. आणि त्या वर्षी मेलेल्यांत ३२,८२५ पायी चालणारे होते. लिटरला किती पळते, याच्याशी त्यांचा काय संबंध होता?

मी कादंबऱ्या लिहितो. नको झालेले पात्र अपघातात घालवणे लेखकाला फार सोयीचे असते. एका ओळीत काम होते. प्रत्यक्षात ती एक ओळ एखाद्या घराला चाळीस वर्षे वाचावी लागते.

म्हणून वाचकहो, या दिवाळीत एवढेच करा. दारात गाडी थांबली की ‘किती वेळात आलात?’ हा प्रश्न विचारू नका. या प्रश्नानेच पैज लागते. ‘वाटेत कुठे थांबलात? पोरांना पट्टे बांधले होते ना?’ असे विचारा. पाहुणा चार तास उशिरा आला तरी काही बिघडत नाही. शंकरपाळे पंधरा दिवस टिकतात.