डब्यातले आपण

इलेक्ट्रॉनिक सिटीहून परतताना मेट्रोत उभ्यानेच बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) पुन्हा वाचली. उधन्याला रेल्वेत लागलेला नायक जात उघड होताच मार खातो. मारणारे कुणी शेठ-सावकार नाहीत, त्याच्यासोबत राबणारेच. सोडवतो काशीनाथ, तोही दलित.

ऑगस्ट 2024 मधली धुळे-मुंबई एक्स्प्रेस आठवली. कल्याणला मुलीकडे निघालेल्या मुसलमान वृद्धाला गोमांसाच्या संशयावरून इगतपुरीजवळ मारलं. मारहाणीचा व्हिडिओ निघाला, त्यात बघे दिसतात, काशीनाथ दिसत नाही. अटक झालेले तरुण पोलीस भरतीला निघाले होते, असं बातम्यांत आलं. म्हणजे तेही नोकरीच्या रांगेतलेच! बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणत, ती जनरल डब्यात अशी बसलेली असते: प्रत्येकाला आपल्याखाली कुणीतरी हवा. आणि खालच्याला मार बसताना आपण वाचलो, याचं हायसंही वाटतं. मलाही वाटलं असतं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत इथल्या राजाजीनगर मेट्रो स्थानकावर मळक्या कपड्यांवरून एका शेतकऱ्याला अडवलं होतं. एक सहप्रवासी भांडला, हटला नाही. शेतकरी गाडीत चढला, सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी गेली.