सशाच्या अंगावर कुत्र्याचं औषध ओतणं थांबवा!

पुण्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या सर्व नागरिकांना, सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना, पेट शॉपच्या मालकांना आणि मुलांच्या हट्टापायी ज्यांच्या घरात ससा आला आहे अशा प्रत्येक पालकाला हे जाहीर आवाहन.

गेल्या आठवड्यात एक पांढरा ससा हकनाक मेला. कुणीतरी त्याला खोक्यात घालून कचराकुंडीशेजारी टाकून दिलं होतं. एका भल्या कुटुंबाने त्याला घरी नेलं, पाणी पाजलं. पाठीवरचा कोंडा आणि खाज पाहून ते जवळच्या पेट शॉपमध्ये गेले. दुकानदाराने कुत्र्याच्या पिसवांसाठी मानेवर लावायचे थेंब काढून दिले आणि वर सल्लाही दिला, "सशाला पण चालतं, फक्त थोडं कमी लावा." दुसऱ्या दिवशी सशाने खाणं सोडलं, मग झटके सुरू झाले. आमचे स्वयंसेवक पोहोचले तेव्हा त्याची मान मागे गेली होती.

त्या थेंबांत फिप्रोनिल होतं. कुत्र्या-मांजरांना हे औषध चालतं, सशाला ते विष आहे. लहान पिल्लांना तर अधिकच. झटके येतात, खाणं सुटतं, जीव जातो. अशा औषधांच्या माहितीपत्रकात सशांवर वापरू नये अशी सूचना छापलेली असते. ती दुकानदाराने वाचली नाही आणि पैसे मोजणाऱ्याला वाचायला सांगितली नाही. ही पहिली घटना असती तर आम्ही हळहळून गप्प बसलो असतो. पण पावसाळा आला की हेच. कुणी गुरांच्या गोचिडांवर मारायचं डेल्टामेथ्रिन बादलीत कालवून त्यात ससा बुचकळतो. कुणी कुत्र्याचा पिसवांचा पट्टा कापून सशाच्या गळ्यात बांधतो. हडपसरकडच्या एका घरात पिंजऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्या होत्या, "वासाने किडे पळतात" म्हणून. एका ठिकाणी तर झुरळं मारायचा स्प्रे थेट अंगावर मारला होता. या सगळ्या माणसांना ससा वाचवायचाच होता, आणि राग येतो तो याचाच!

म्हणून आधी एक गोष्ट मनावर कोरून घ्या. अंगावरचे किडे सशाला एका रात्रीत मारत नाहीत. चुकीचं औषध मारतं. खरूज असलेला ससा डॉक्टर मिळेपर्यंत एक-दोन दिवस थांबू शकतो. अंगावर ओतलेलं विष थांबत नाही. याला अपवाद फक्त अळ्या पडल्याचा, त्याबद्दल पुढे सांगतो.

ससा म्हणजे लहान कुत्रा नव्हे. त्याची कातडी अतिशय पातळ असते. तो दिवसभर स्वतःला चाटून स्वच्छ करतो, म्हणजे तुम्ही अंगावर जे लावाल ते त्याच्या पोटात जाणारच. आणि सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं पुन्हा बाहेर येण्याचा मार्ग नाही. त्याचं हृदय मिनिटाला १८० ते ३०० वेळा धडधडतं आणि भीतीने ते आणखी वाढतं. त्याचा सांगाडा शरीराच्या वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो, पण मागच्या पायांत ताकद प्रचंड. घट्ट दाबून धरलं आणि त्याने लाथ मारली, तर स्वतःच्याच जोराने त्याचा कणा मोडतो. ज्यांनी सशाला बेसिनमध्ये धरून शांपूने आंघोळ घातली आहे, त्यांनी हे पुन्हा एकदा वाचावं. ओल्या सशाला थंडी भरते, तो धक्क्याने गळून जातो, आणि शांपूने किडे मरत नाहीत ते नाहीतच.

आता रोग ओळखायचा कसा ते बघा.

खांद्यांमध्ये, मानेवर आणि शेपटीच्या वर पांढरा कोंडा दिसतो, केस पुंजक्याने निघतात आणि नीट पाहिलं तर कोंडा हलतोय असं वाटतं, तेव्हा ते शायलेटिएला नावाचे माइट्स असण्याची दाट शक्यता असते. कानाच्या आत तपकिरी खपल्या पापुद्र्यासारख्या एकावर एक साचतात, ससा डोकं झटकत राहतो, कान पाडून बसतो, तेव्हा ते सोरॉप्टिस नावाचे कानातले माइट्स असतात. नाकाच्या शेंड्यावर, ओठांवर, पंजांवर आणि नखांच्या मुळाशी राखाडी, जाड खपल्या आल्या तर खरजेचे सार्कोप्टिस समजा. पिसवा बहुतेक वेळा घरातल्या कुत्र्या-मांजरांवरून येतात. गोचीड कानाच्या कडेला किंवा डोळ्याजवळ चिकटलेली दिसते. हे सगळं अंदाजासाठी. खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. डॉक्टर पारदर्शक चिकटपट्टी लावून किंवा कातडी हलकीशी खरवडून नमुना घेतात. काही मिनिटांचं काम आहे.

कानातल्या खपल्या कुणीही उपटू नयेत. इयरबड घालून कोरू नये, गरम तेल सोडू नये. खपलीखालची कातडी सोललेली असते. ससा वेदनेने किंचाळतो आणि खाणं सोडतो. योग्य औषध सुरू झालं की त्या खपल्या काही दिवसांत आपोआप गळून पडतात. आमच्याकडे कान पूर्ण भरलेले ससे आले आहेत आणि एकाही खपलीला हात न लावता बरे होऊन गेले आहेत, हे आम्ही अभिमानाने सांगतो.

आता काय करायचं ते सांगतो. कागदावर उतरवा, सोसायटीच्या फलकावर लावा, व्हॉट्सअॅपवर फिरवा.

१. ससा सापडला की वेगळ्या खोलीत ठेवा. घरातल्या दुसऱ्या सशाजवळ नेऊ नका, एका टोपलीत बसवू नका. खाली जुना सुती कपडा किंवा कागद अंथरा. गोणपाट नको, त्याच्या विणीत किडे लपून राहतात.

२. हात लावताना हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. शायलेटिएला आणि खरजेचे माइट्स माणसालाही चावतात. हातावर, पोटावर खाजरे लाल पुरळ उठले तर घाबरू नका. ससा बरा झाला की तेही जातात, पण त्वचेच्या डॉक्टरांना घरात ससा आहे हे सांगा.

३. वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालेल. अंदाजपंचे नको. याचं कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

४. ससे बघणाऱ्या पशुवैद्याकडेच जा. फोनवरच तीन प्रश्न विचारा: तुम्ही ससे तपासता का? कोणतं औषध द्याल? वजनानुसार मात्रा किती? सशाच्या या रोगांवर साधारणपणे आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन दिलं जातं. आयव्हरमेक्टिनची मात्रा किलोला सुमारे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम असते. म्हणजे दीड किलोच्या सशाला ०.३ ते ०.६ मिलिग्रॅम. आता बघा, माणसांची आयव्हरमेक्टिनची गोळी १२ मिलिग्रॅमची येते. ती अख्खी दिली तर मात्रा २० ते ४० पट होते! गुरांच्या १ टक्क्याच्या इंजेक्शनमधून घ्यायचं झालं तर ते फार तर ०.०६ मिलिलिटर भरतं. हे काम घरी करायचं नाही, मेडिकलवाल्याकडून करून घ्यायचं नाही. आम्ही आकडा दिला तो तुम्ही स्वतः टोचावं म्हणून नव्हे, चुकीला किती कमी जागा आहे ते कळावं म्हणून.

५. औषध एकदा देऊन थांबू नका. अंड्यांवर औषध चालत नाही. कानातल्या माइट्सचं चक्र साधारण तीन आठवड्यांचं असतं, शायलेटिएलाचं पाच आठवड्यांचं. म्हणून डॉक्टर १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीन मात्रा देतात. पहिल्या मात्रेनंतर खाज थांबली म्हणून दुसरी चुकवणारे लोक महिन्याभरात पुन्हा दारात उभे राहतात.

६. सोबतच्या सगळ्या सशांवर एकाच वेळी उपचार करा. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांचंही डॉक्टरांना विचारा. पण त्यांच्या मानेवर थेंब लावले असतील तर ते पूर्ण सुकेपर्यंत सशाला त्यांच्याजवळ जाऊ देऊ नका.

७. जागा साफ करा. सोरॉप्टिस सशाच्या अंगाबाहेरही काही आठवडे जगू शकतात. अंथरूण-गवत पिशवीत बांधून टाका, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, पुठ्ठ्याची खोकी फेकून द्या, लाकडी पिंजऱ्याच्या फटी कडकडीत पाण्याने घासा. पेस्ट कंट्रोलवाल्याला सशाच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका.

८. खाण्यावर आणि लेंड्यांवर नजर ठेवा. सुकं गवत सतत समोर हवं, सोबत ताजी हरळी, कोथिंबीर. गाजर-बिस्किटांवर ससा जगत नाही. १२ तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर ती तातडीची वेळ आहे, मग किडे असोत वा नसोत. आणि कुणी तोंडावाटे अॅमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन लिहून दिलं तर ठाम नकार द्या. त्याने सशाच्या आतड्यातले जिवाणू बिघडून ससा मरतो.

आता अळ्यांबद्दल. पावसाळ्यात माशी सशाच्या मागच्या बाजूला, ओल्या किंवा घाण केसांत अंडी घालते. एका दिवसाच्या आत अळ्या निघतात आणि त्या जिवंत कातडी खातात. लठ्ठ, म्हाताऱ्या, हगवण लागलेल्या आणि पिंजऱ्यात ओल्यात बसवलेल्या सशांना धोका जास्त. इथे थांबायचं नाही. रात्रीचे दोन असोत, डॉक्टरांना उठवा. वाटेत चिमट्याने दिसतील त्या अळ्या काढा, ससा उबदार ठेवा. टर्पेंटाइन, फिनाइल, रॉकेल यातलं काहीही ओतू नका. गुरांच्या जखमेत लोक ओततात ते आम्हाला माहीत आहे. सशाच्या उघड्या कातडीवर ते ओतणं म्हणजे जिवंत जाळणं आहे. आणि हे टाळायचा उपाय अगदी सोपा: पावसाळ्यात दिवसातून दोनदा सशाचं शेपटीखालचं अंग तपासा. एवढंही होणार नसेल तर ससा पाळू नका.

काही युक्तिवाद आम्हाला दर वेळी ऐकवले जातात. "नैसर्गिक उपाय आहे, त्याने काय होतंय?" म्हणे. तंबाखूचं पाणी नैसर्गिक आहे आणि विषारीही. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावतात, ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. आणि सशाचे डोळे त्याच्या पाठीपासून किती लांब असतात हो? "आमच्या ओळखीच्याच्या सशाला कुत्र्याचं औषध लावलं, काही झालं नाही." एकाचं नशीब जोरावर होतं, म्हणून दुसऱ्याच्या जिवाचा जुगार का खेळायचा? "दोन-तीनशे रुपयांचा ससा, त्याला डॉक्टरची फी कशाला?" या प्रश्नाला आम्ही उत्तर देत नाही. ज्याला जिवाची किंमत पावतीवर बघायची असते, त्याने घरात जीव आणू नये. आणि "जमत नसेल तर टेकडीवर सोडून देतो" म्हणणाऱ्यांसाठी: पाळीव ससा युरोपातल्या जंगली सशाचा वंशज आहे. आपल्या रानातला ससा वेगळी जात आहे, बिळात न राहता उघड्यावर तगणारी. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा वेताळ टेकडीवर कुत्र्यांपासून किती वेळ वाचेल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. उलट तुम्हाला शेतात मातकट रंगाचा रानससा सापडला तर तो घरी आणू नका. त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

पेट शॉपवाल्यांना वेगळं सांगायचं आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार तुमची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असायला हवी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला विनाकारण हानिकारक द्रव्य देणं हा गुन्हा आहे, त्याला उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणंही गुन्हा आहे. हो, १९६० च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये इतकाच आहे, आणि तीच तर लाजिरवाणी गोष्ट आहे. पण दंड कमी आहे म्हणून आम्ही तक्रार करणार नाही असं समजू नका. सशासाठी औषध मागणाऱ्याला फिप्रोनिल विकल्याची पावती आमच्या हाती आली, तर ती तक्रारीसोबत जोडली जाईल.

आमच्या गटात कुणी पगारी नाही. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, कुणी रिक्षा चालवतं. तरी रात्रीचा फोन कुणीतरी उचलतंच. आम्ही पैसे मागत नाही. मागतो ते एवढंच: प्रत्येक सोसायटीतून एका माणसाने जबाबदारी घ्यावी. जवळचा ससे बघणारा डॉक्टर आजच शोधून त्याचा नंबर फलकावर लावावा. डॉक्टर मिळत नसेल तर मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारा. शिक्षकांनी हे आवाहन वर्गात वाचून दाखवावं, कारण ससा मागणारी आणि मग त्याला विसरणारी मुलं तिथेच बसलेली असतात.

पावसाळा संपलेला नाही. या रविवारी आपापल्या घरातल्या सशाचे कान, पाठ आणि शेपटीखालचं अंग तपासा. काही दिसलं तर आधी वजन करा, मग डॉक्टर गाठा. कुत्र्याच्या औषधाची बाटली मात्र उघडूच नका.