अपराधी कोण : पाहुणा कीं यजमान ?

कॅनडांत गेलेल्या आपल्या मुलांविषयीं तेथील लोक कुरकुर करूं लागले आहेत अशी वार्ता आली, कीं आपल्या सुशिक्षित घरांतून एकच उत्तर ऐकूं येतें : 'हा सारा वर्णद्वेष आहे.' या उत्तरानें मनाचें समाधान होतें. प्रश्नाचा उलगडा मात्र होत नाहीं. त्या देशांत वर्णद्वेष नाहीं असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु ज्या भाडेकऱ्यास भाडें झेपत नाहीं व ज्या रोग्यास डॉक्टर मिळत नाहीं, त्याच्या तक्रारीस द्वेष हें नांव देऊन मोकळें होणें न्यायाचें नव्हे आणि शहाणपणाचेंही नव्हे.

प्रथम आंकडे पाहावे. २०२३ या एका वर्षांत कॅनडाची लोकसंख्या सुमारें १२ लक्ष ७० हजारांनीं वाढली. हें प्रमाण शेंकडा ३.२ पडतें, १९५७ नंतर इतकी वाढ त्या देशानें पाहिली नव्हती. तींत शेंकडा ९७ हून अधिक वांटा बाहेरून आलेल्यांचा होता. त्याच वर्षीं जीं नवीं घरें बांधावयास घेतलीं गेलीं त्यांची संख्या होती सुमारें २ लक्ष ४० हजार. एकेका घरांत पांच माणसें कोंबलीं तरच हा हिशेब जमावा; तेथील कुटुंब तर सरासरीनें अडीच माणसांचेंही नसतें. व्हावयाचें तेंच झालें. भाड्यासाठीं बांधलेल्या घरांपैकीं शेंकडा दीडच रिकामीं उरलीं, आणि दोन निजावयाच्या खोल्यांच्या बिऱ्हाडाचें भाडें वर्षभरांत सरासरी शेंकडा ८ नें चढलें. हे आंकडे कोणाचा द्वेष करीत नाहींत.

मजुरीचा प्रश्न इतका सरळ नाहीं. १९८० सालीं क्यूबांतून सुमारें सव्वा लक्ष लोक अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले व मायामी शहरांतील कामकऱ्यांची संख्या एकाएकीं शेंकडा ७ नें वाढली. तरीही तेथील मजुरी त्यामुळें घसरली नाहीं, असें डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञानें १९९० मध्यें दाखविलें. पुढें जॉर्ज बोर्हास यानें त्याच घटनेची पुन्हा छाननी करून, शालेय शिक्षणही पुरें न झालेल्या मजुरांची मजुरी बरीच उतरली होती, असें प्रतिपादिलें. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. नवा माणूस दोन हात आणतो तसें एक पोटही आणतो. तो कामास लागतो तसा बाजारासही जातो. म्हणून मजुरी सरसकट पडते हें म्हणणें टिकत नाहीं.

परंतु ज्या मजुरास मालक बदलण्याची मुभाच नाहीं, त्याची गोष्ट निराळी. कॅनडाच्या सरकारनें २०२२ सालीं कमी वेतनाच्या परकी कामगारांचें प्रमाण एका कारखान्यांत शेंकडा १० ऐवजीं २०, व कांहीं धंद्यांत ३० पर्यंत नेण्यास परवानगी दिली. अशा कामगाराचा परवाना बहुधा एकाच मालकाशीं बांधलेला असतो. ज्यास 'नाहीं' म्हणतां येत नाहीं, तो स्वस्त पडावयाचाच. आणि त्याच्या शेजारीं उभ्या असलेल्या स्वदेशी मजुराच्या 'नाहीं'लाही मग किंमत राहत नाहीं. ही व्यवस्था आधुनिक गुलामगिरीस पोषक आहे, असा अभिप्राय संयुक्त राष्ट्रांच्या विशेष निवेदकानें २०२४ च्या अहवालांत दिला. तेव्हां मजुरी पाडणारा कोण ? बांधलेला मजूर, कीं त्यास बांधणारा कायदा ?

विद्यार्थ्यांचीही तीच कथा. ऑन्टेरिओ प्रांतानें २०१९ सालीं स्थानिक विद्यार्थ्यांची फी शेंकडा १० नें उतरविली व पुढें ती गोठवून ठेवली. कॉलेजांनीं ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या कैकपट फीमधून भरून काढली. २०२३ अखेर सबंध देशांत अभ्यासाचा परवाना असलेल्यांची संख्या १० लक्षांवर गेली व त्यांत सर्वांत मोठा भरणा हिंदी मुलांचा होता. फी जमा झाली. वसतिगृहें त्या मानानें उभीं राहिलीं नाहींत. मध्यवर्ती सरकारनें तर गरिबांसाठीं नवीं घरें बांधण्यास पैसा देण्यांतून १९९३ सालींच अंग काढून घेतलें होतें. म्हणजे तळघरांतील एका खोलीत दाटीनें राहणारा पंजाबी किंवा मराठी मुलगा घरटंचाईचा कर्ता नव्हे; तो तिचा पहिला बळी आहे. दवाखान्यांचेंही तसेंच. परदेशीं शिकलेल्या डॉक्टरास आमंत्रण द्यावयाचें, त्याच्या पदवीस वर्षानुवर्षें मान्यता द्यावयाची नाहीं, आणि रोग्यांची रांग वाढली म्हणून ओरड करावयाची, यास काय म्हणावें ?

२०२४ सालीं सरकारनें विद्यार्थ्यांच्या परवान्यांस मर्यादा घातली व कायम वस्तीसाठीं घ्यावयाच्या लोकांचा आंकडाही ५ लक्षांवरून २०२५ साठीं ३ लक्ष ९५ हजारांवर आणला. मर्यादा असणें आम्हांस अन्याय्य वाटत नाहीं. किती घरें, किती शिक्षक व किती दवाखाने आहेत हें पाहून माणसें बोलवावीं, हा संसाराचा साधा नियम राज्यासही लागू आहे. अन्याय आहे तो याचा कीं, पंगत मांडतांना पानें मोजलीं नाहींत आणि अन्न अपुरें पडतांच वाढपी पाहुण्यांकडे बोट दाखवूं लागले.

यांत आपल्याकडीलही एक कर्तव्य आहे. घर गहाण टाकून मुलास धाडणाऱ्या बापानें दलालाच्या रंगीत पत्रकावर न भुलतां दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत : तो राहणार कोठें, आणि शिकणार काय ? तसेंच तेथील भाडेकऱ्यानें तक्रार केली म्हणून त्यास शत्रु समजूं नये. त्याचें गाऱ्हाणें खरें आहे. फक्त तें भलत्याच दारीं नेलें जात आहे. आपल्या मुलाचें व त्या भाडेकऱ्याचें गाऱ्हाणें एकच असून, ज्यांनीं फी घेतली, भाडें घेतलें व स्वस्त श्रम घेतले, त्यांच्या दारीं तें दोघांनीं मिळून नेलें पाहिजे. हे दोघे जोंवर एकमेकांशींच भांडत आहेत, तोंवर त्या दारास कडी लावण्याचीही गरज पडणार नाहीं.