पानाची डावी बाजू

मंडईत भाजी घेताना अलीकडे एक वाक्य वारंवार कानावर पडते: "कारली नकोत, आमच्याकडे मुलं खात नाहीत." हे वाक्य उच्चारणाऱ्या आईबापांच्या मनात अपत्यप्रेमाखेरीज दुसरे काही नसते, हे मला पूर्णपणे मान्य आहे, परंतु ज्या घरात बालकाची आजची नावड हीच कायमची सनद समजून कारले, शेपू, मेथी, पडवळ, अळू यांना एकामागून एक हद्दपार केले जाते, त्या घरातील बालकाला पुढे वीस-पंचवीस वर्षांनी जो एक आनंद लाभायचा असतो, त्यावर त्याच्या नकळत पाणी सोडले जाते. या हानीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, म्हणून ती येथे करावीशी वाटते.

माझ्या बालपणी याच्या अगदी उलट, सक्तीचा अंमल होता. पानात वाढलेले संपल्यावाचून उठायचे नाही असा घरचा दंडक, आणि शेपूच्या भाजीच्या दिवशी मी, सारी पंगत उठून गेल्यावर, गार होत चाललेल्या त्या हिरव्या गोळ्यासमोर एकटा बसून राही. भाजीत मुगाची डाळ असे, वर लसणीची चुरचुरीत फोडणी असे, करणारीने तिच्यात जीव ओतलेला असे. पण डोळ्यांत पाणी आणि समोर वडीलधाऱ्यांची करडी नजर अशा स्थितीत मला शेपूचा उग्र दर्प तेवढा जाणवे, आणि तो दर्प त्या एकटेपणाशी असा काही जोडला गेला की शेपूशी समेट होण्यास मला चाळिशी उलटावी लागली.

कारल्याशी मात्र माझे सख्य एकोणिसाव्या वर्षीच जुळले. त्या वर्षी मी विषमज्वराने अंथरुणास खिळलो होतो आणि ताप उतरल्यावर हवापालटासाठी आत्याकडे राहिलो होतो. पेज आणि मऊ भात यांवर आठवडेच्या आठवडे काढल्याने तोंडाची चव पार गेली होती. अन्न समोर आले की मन मागे सरे. पथ्य सैल झाल्यावर आत्याने एके दिवशी कारल्याच्या काचऱ्या केल्या. पातळ चकत्यांना मीठ चोळून तिने त्या तासभर झाकून ठेवल्या, सुटलेले कडू पाणी घट्ट पिळून काढले, मंद आचेवर त्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परतल्या, आणि वर किंचित तिखट व चिमूटभर साखर भुरभुरून मोजून तीन काचऱ्या माझ्या पानात डाव्या बाजूस, लिंबाच्या फोडीशेजारी ठेवल्या. मी म्हणालो, "आत्या, मला कारलं नको." ती म्हणाली, "खाल्लंच पाहिजेस असं नाही रे. नुसतं पानात असू दे."

पुढचे कित्येक दिवस त्या तीन काचऱ्या पानात येत आणि तशाच परत जात. आत्याने त्याबद्दल अवाक्षर काढले नाही, की आग्रहाचा सूर लावला नाही. ती स्वतः मात्र समोर बसून आमटीभाताबरोबर त्या काचऱ्या इतक्या तृप्तीने खाई की अखेर एका दुपारी माझा हात आपोआप डावीकडे गेला. जिभेच्या मुळाशी कडवटपणा उतरला, क्षणभर अंग शहारले, आणि पाठोपाठ तोंडाला असे पाणी सुटले की पुढचा घास घेताना कितीतरी दिवसांनी मला भाताची गोडी कळली.

पुष्कळ वर्षांनी चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील षड्रसांचे विवेचन वाचताना मी एका ठिकाणी थबकलो. तिक्त रस स्वतः रुचणारा नसला तरी अरुचीचा नाश करतो, असे तेथे प्रतिपादन केले आहे, आणि मला आत्याच्या स्वयंपाकघरातील ती दुपार जशीच्या तशी आठवली. (संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू, आपला 'कडू' हा शब्द मात्र त्याच 'कटु'पासून आला आहे. रसांच्या नावांचीच अशी अदलाबदल होऊ शकते, तर माणसाच्या आवडीनिवडी अढळ का मानाव्यात?)

बालकाने कडू पदार्थ नाकारणे हा उद्धटपणाही नव्हे आणि चोचलेही नव्हेत, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. निसर्गातील कित्येक विषारी वनस्पती कडू असतात, आणि म्हणून कडवटपणाचा संशय घेण्याची वृत्ती जन्मजात येते. गोड ओळखण्यासाठी जिभेवर एकच मुख्य ग्राहक असताना कडू ओळखण्यासाठी सुमारे २५ प्रकारचे ग्राहक आहेत, यावरून या पहाऱ्याची कडेकोट व्यवस्था ध्यानात येईल. शिवाय सर्वांच्या जिभा सारख्या नसतात. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली, तेव्हा त्याच्या सहकाऱ्याचे तोंड कडू झाले आणि स्वतः फॉक्सला काहीच चव लागली नाही. तेव्हा "यात कुठं आहे कडू?" हा मोठ्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे लहानाच्या साक्षीवर न ऐकताच दिलेला निवाडा होय. मूल कडू आहे म्हणते तेव्हा ते खरे सांगत असते, आणि त्याच्यावर विश्वास ठेवणे हे मी पहिले कर्तव्य समजतो.

तथापि पहारेकऱ्यालाही ओळख पटते. लीन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन वर्षांच्या बालकांना अपरिचित फळे व चीज कमी-अधिक वेळा चाखावयास दिली, आणि जो पदार्थ जितक्या अधिक वेळा जिभेला लागला तितकी त्याची आवड वाढली, असे आढळले. त्यांचाच १९८४ सालचा दुसरा प्रयोग मला अधिक बोधप्रद वाटतो: एखादे नवे पेय प्यायल्याबद्दल ज्या मुलांना बक्षीस मिळाले, त्यांची त्या पेयाविषयीची रुची उलट घटली. "भाजी संपव, मग श्रीखंड देते," असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा भाजी ही भोगून मोकळे होण्याची शिक्षा आहे, अशी कबुलीच आपण मुलाजवळ देत असतो.

आणि आपल्याला हे शिकण्यासाठी परदेशी प्रयोगांचीही फारशी गरज नाही, कारण लाल तिखटाचा इतिहास आपल्या घरातच आहे. मिरची मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. तोवर आपल्या पूर्वजांचे तिखट म्हणजे मिरी, पिंपळी, आले. आज मिरचीवाचून ज्यांना घास उतरत नाही, त्यांच्यापैकी कोणालाही ती जन्मतः आवडत नव्हती. घरोघरची रीत पाहा: तिखट घालण्यापूर्वी लहानांची वाटी बाजूला काढली जाते, कोणी सक्ती करीत नाही, कोणी लाच देत नाही, मूल मोठ्यांना ठेचा खाताना पाहते, बोटाच्या टोकाने चाखते, पाणी पिते, पुन्हा चाखते. पॉल रोझिन या अभ्यासकाला मेक्सिकोतील एका खेड्यातही हाच क्रम दिसला होता. जिभेला आग लावणारी गोष्ट आपण इतक्या शहाणपणाने शिकवतो, मग बिचाऱ्या कारल्याच्या बाबतीतच सक्ती किंवा हद्दपारी यांवाचून तिसरा मार्ग आपल्याला का सुचू नये?

कारले तुपात तळले आणि साखरेत घोळले तरी कडूच राहते, या आपल्या म्हणीने त्या भाजीवर मोठा अन्याय केला आहे. ते कडू राहते, हे सत्यच आहे. पण चिंच-गूळ, दाण्याचे कूट आणि गोडा मसाला घालून भरलेले कारले ज्याने मनापासून खाल्ले आहे, तो जाणतो की त्यातला कडवटपणा संपूर्ण काढून टाकला तर उरलेल्या गोडाला काही अर्थ राहत नाही. भोंडल्याच्या गाण्यात माहेरी निघू पाहणारी सून कारल्याच्या वेलापाशी अडकून पडते; बी पेरावे, वेल चढावा, फूल यावे, कारले लागावे, भाजी व्हावी, अशी मुदत सासू वाढवीतच राहते. सासूचा तो जाच मला लहानपणापासून बोचत आला आहे, पण कडू चवीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता इतक्या टप्प्यांचा असतो, हे त्या गाणाऱ्या मुलींच्या कानावर किती सहज पडत असेल!

माझे म्हणणे एवढेच आहे, की आपल्या पूर्वजांनी पानाला जी डावी बाजू दिली, तिचा उपयोग करावा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे हे सारे तेथे थोडे-थोडे वाढायचे असते. पोट भरण्याची जबाबदारी त्या बाजूवर नसते. पाडव्याला कडुनिंबाचा पाला गूळ, ओवा, मिरी घालून आपण चिमूटभरच घेतो, आणि त्या चिमटीमुळेच ती वहिवाट टिकून आहे. कारल्याच्या दोन काचऱ्या, घासभर शेपू, मेथीची चार कच्ची पाने तेथे ठेवावीत, मोठ्यांनी ती प्रीतीने खावीत, आणि लहानाच्या पानात काय उरले याचा हिशेब मागू नये. नुसते पाहून आवड उपजत नाही, त्यासाठी जीभ लागावीच लागते, हे खरे. पण जो पदार्थ घरात शिजतच नाही त्याला जीभ लागणार तरी कशी?

माझा नातू पाच वर्षांचा आहे. गेल्या रविवारी त्याने पानाच्या डावीकडची एक काचरी उचलली, हुंगली, तिला जिभेचे टोक लावले, तोंड वेडेवाकडे केले आणि ती होती तेथे परत ठेवली. माझी मुलगी काही बोलणार होती. मी तिला खुणेनेच थांबवले आणि आमटी वाढायला सांगितली. उद्या आमच्याकडे बाजाराचा दिवस आहे, आणि पावसाळ्याची गावठी कारली, लहान, गर्द हिरवी, काटेरी, आता येऊ लागली आहेत.