मामा, गोळी आणि फॅमिली ग्रुप

आमच्या व्हॉट्सअॅपवरच्या फॅमिली ग्रुपचं नाव आहे ‘उदो उदो’. आजोळ तुळजापूरचं, दुसरं काय असणार! एरवी त्यावर सकाळी देवीच्या अलंकार पूजेचा फोटो, दुपारी कुणाच्या तरी बर्थडेचा केक आणि रात्री मामेभावांची क्रिकेटवरून भांडणं. मी तो ग्रुप म्यूट करून ठेवलाय. (मामी, वाचत असशील तर सॉरी!) पण गेल्या वर्षी भाद्रपदात एका सकाळी उठून बघते तर एकशे बारा मेसेज. मोठ्या मामाला सोलापूरला अॅडमिट केलं होतं.

मामा अडुसष्टचा. सात वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली, एक स्टेंट. बीपी आहे, शुगर आहे, आणि पहाटे उठून देवीच्या दर्शनाला जायचा नेम आहे. चार दिवस ताप, खोकला. पाचव्या दिवशी बोटाला लावलेल्या मशीनवर ऑक्सिजन नव्वदच्या खाली गेला. आमच्याकडे काही सिरियस झालं की गाडी आपोआप सोलापूरच्या रस्त्याला लागते. पंचेचाळीसेक किलोमीटर, तासाभराची वाट. रिपोर्ट आला, इन्फ्लुएन्झा. आपला साधा ‘फ्लू’, ज्याच्या नावाने आपण ऑफिसला दांड्या मारतो, तोच.

मी पुण्याची, त्यामुळे फ्लू म्हटलं की मला २००९चा ऑगस्टच आठवतो. मी सातवीत होते. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. मग शाळा बंद, मल्टिप्लेक्स बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा आणि केमिस्टकडे मास्कची मारामारी. आईने मला निलगिरीचं तेल लावलेला रुमाल नाकाला बांधायला लावला होता. तेव्हा ते फनी वाटलं होतं.

एनीवे. ग्रुपवर त्या रात्री काय चाललं होतं? तर आयटीवाल्या दादाने एक बातमी फॉरवर्ड केली होती. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे ‘स्टॅटिन’, घेणारे लोक फ्लूने अॅडमिट झाले तर त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी! त्यावर धाकट्या मामाचा मेसेज, ‘मग मलापण चालू करा.’ (त्याचं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे.) त्यावर लातूरच्या मावशीचा व्हॉइस मेसेज, ‘अगं त्या गोळीनं लिव्हर जातंय म्हणं. आजारपणात सगळ्यात आधी तीच बंद करा.’ आणि शेवटी मामीचा मेसेज, मला टॅग करून, ‘तू मीडियात आहेस ना, बघ की जरा.’

मास कॉमची डिग्री आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी कामाची वाटत होती. स्वारगेटवरून तुळजापूरची एसटी पकडली, सोलापूरचं तिकीट काढलं आणि खिडकीशी बसून फोनवर वाचायला लागले.

आधी गोळीचीच गोष्ट. ती फारच फिल्मी आहे. अकिरा एंडो नावाचे जपानी संशोधक. टोकियोच्या सँक्यो कंपनीत त्यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ मध्ये एका बुरशीत असा पदार्थ सापडला, की तो शरीरातली कोलेस्टेरॉल बनवायची यंत्रणाच अडवतो. धान्यावर, फळांवर येते ना, त्या हिरव्या-निळ्या बुरशीच्याच जातकुळीतली! १९८७ मध्ये अमेरिकेत पहिलं स्टॅटिन बाजारात आलं. आज आपल्या आईबाबांच्या डबीत जे अॅटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन असतं, ते त्याच खानदानातलं. एंडो २०२४ मध्ये, नव्वदीत गेले.

आता या गोळीचा आणि फ्लूचा संबंध काय? तर स्टॅटिन कोलेस्टेरॉल कमी करतं, शिवाय शरीरातली आतली सूज, दाह थोडा शांत करतं. आणि सिरियस फ्लूमध्ये नुसता व्हायरस घात करत नाही, त्याच्याशी लढताना आपलंच शरीर एवढं पेटतं की फुप्फुसं होरपळतात. म्हणून मग २००५-०६ च्या सुमारास, बर्ड फ्लूची भीती जगभर होती तेव्हा, डेव्हिड फेडसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी विचारलं, महासाथ आलीच तर नव्या लशीची वाट बघण्याऐवजी ही स्वस्त, गावोगाव मिळणारी गोळी वापरून बघायची का? आयडिया भारी होती. मला तर अजूनही भारी वाटते.

दादाची ४१ टक्केवाली बातमी खोटी नव्हती. २०१२ मध्ये छापून आलेला अमेरिकेतला अभ्यास आहे. फ्लूने अॅडमिट झालेले ३०४३ पेशंट, त्यातले साधारण एक तृतीयांश स्टॅटिनवर. वय, इतर आजार वगैरेचा हिशेब करूनही स्टॅटिनवाल्यांच्या मृत्यूची शक्यता सुमारे ४१ टक्के कमी निघाली.

मग घोडं अडलं कुठे? हे मला मोहोळच्या आसपास समजलं, आणि तेसुद्धा कोजागिरीमुळे. कोजागिरीला सोलापूरहून, पार कर्नाटकातून हजारो लोक पायी तुळजापूरला येतात. समजा आपण या चालत आलेल्यांची तब्येत तपासली आणि घरी राहिलेल्यांशी ताडून बघितली. चालणारे धडधाकट निघणार, यात शंका नाही. पण ते चालले म्हणून धडधाकट झाले, की धडधाकट होते म्हणून चालू शकले? स्टॅटिनचंही तसंच. वर्षानुवर्षं रोज न चुकता गोळी घेणारा माणूस बहुतेक वेळा डॉक्टरकडे वेळेवर जाणारा असतो, पथ्य सांभाळणारा असतो, घरी विचारणारं कुणी असतं. आणि उलटंही होतं. जो पेशंट इतका खालावला की त्याला गिळताच येत नाही, त्याच्या अशा गोळ्या सगळ्यात आधी बंद होतात. मग कागदावर दिसतं, गोळी न घेणारे जास्त गेले.

हा गुंता सोडवायचा एकच मार्ग. चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नाही, आणि कुणाला काय मिळेल ते नशिबावर. कोरोनात हे जगभर झालं. दिल्लीच्या एम्सने अॅडमिट झालेल्या, सौम्य ते मध्यम आजाराच्या ९०० पेशंटवर अॅटोरव्हास्टॅटिन आणि अॅस्पिरिन तपासलं. तब्येत खालावण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. इराणमध्ये आयसीयूतल्या ५८७ जणांवर ट्रायल झाली. गुठळ्या किंवा मृत्यू अशा मोठ्या संकटांचं प्रमाण गोळीवाल्यांत ३३ टक्के, गोळी नसलेल्यांत ३६ टक्के. एवढ्याशा फरकावर काही सिद्ध होत नाही.

सगळ्यात चुटपुट लावणारी ट्रायल मात्र तिसरी. १३ देश, १४१ हॉस्पिटलं, अतिगंभीर २६८४ पेशंट, आणि सिम्व्हास्टॅटिनचा ८० मिलिग्रॅमचा तगडा डोस. २०२३ मध्ये निकाल आला. गोळी फायद्याची असण्याची शक्यता ९५.९ टक्के. वाचून मी सीटवर ताठ बसले! पण पास व्हायची रेषा त्यांनी आधीच ९९ वर आखून ठेवली होती. आणि तोवर कोरोनाचे पेशंटच कमी झाले, ट्रायल जानेवारी २०२३ मध्ये थांबली. म्हणजे मॅच रंगात आली आणि पाऊस पडला. आता यावर ‘जवळजवळ पास’ म्हणायचं की ‘नापास’? मी दादाला ‘नापास’ लिहून पाठवलं. कारण आमच्या ग्रुपवर ‘जवळजवळ’चा अर्थ ‘नक्की’ असा होतो. शिवाय या तिन्ही ट्रायल कोरोनाच्या. मामाला फ्लू होता.

तर, धाकट्या मामाला गोळी नको, हे ठरलं. मी हुशारीच्या हवेत हॉस्पिटलला पोचले.

मामा ऑक्सिजनवर. मास्कमधूनच म्हणाला, ‘आली का पेपरवाली? मला काय बी झालं नाही. नुसता खोकला हाय.’ राउंडला आलेल्या डॉक्टर मॅडमनी फाइल चाळली आणि विचारलं, ‘यांना स्टेंट आहे ना? मग कोलेस्टेरॉलची गोळी कुठाय?’

मामी म्हणाली, ‘ती तर रोजचीच हाय, घरी राहिली. ती कशाला सांगायची?’

आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण फाइलला लावलेली औषधांची यादी माझी होती. आदल्या दिवाळीत मी मोठ्या कौतुकाने ती टाइप करून, लॅमिनेट करून मामीला दिली होती. बीपीची गोळी, शुगरची, रक्त पातळ करायची. स्टॅटिन त्यात नव्हतं. मामी तेव्हाही ‘ती साधीच’ म्हणाली होती आणि मीही सोडून दिलं होतं. चार रात्री मामाला ती गोळी मिळालेली नव्हती.

मॅडम चिडल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, ‘फ्लूवरचं औषध म्हणून मी ही गोळी कुणाला चालू करणार नाही. पण यांना ती फ्लूसाठी नाहीच, हार्टसाठी आहे. आणि फ्लूत हार्टवर जास्त ताण असतो.’ नंतर वाचलं. कॅनडातला २०१८ मधला अभ्यास आहे, फ्लूचं निदान झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हार्ट अटॅकचा धोका सहापट होतो. म्हणजे ज्या आठवड्यात ती गोळी चुकवायचीच नाही, नेमका तोच आठवडा आम्ही निवडला होता.

मी मावशीची लिव्हरची शंकाही विचारून घेतली. मॅडम म्हणाल्या, ब्लड रिपोर्ट बघूनच देतोय, ठीक आहे. ‘मात्र क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असतं तर मीच ही तेवढ्यापुरती थांबवली असती. दोन्ही एकत्र आली तर रक्तात स्टॅटिन वाढतं, स्नायूंना इजा होऊ शकते. पण थांबवायची की नाही ते आम्ही ठरवू. त्यासाठी आम्हाला ती चालू आहे हे माहीत तर पाहिजे.’

त्या रात्री गोळी सुरू झाली. मामा आणखी पाच दिवस तिथे होता. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत देवी शेजघरात पलंगावर निद्रेत असते. मामीचा हिशेब साधा होता, ‘देवी उठायच्या आत ह्यांना घरी न्यायचं.’ घटस्थापनेच्या आदल्या दिवशी डिस्चार्ज मिळाला.

यादी मी पुन्हा टाइप केली, सगळ्या गोळ्या नावानिशी, डोसासकट. या वेळी लॅमिनेट केली नाही, बदलली तर पेनाने खोडता यावी म्हणून. मामीने ती देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवलीय. एका कोपऱ्यावर हळदीचं बोट उमटलंय, पण सगळं वाचता येतं. धाकटा मामा अजून अधूनमधून विचारतो, ‘ते ९५ टक्केवालं काय होतं गं?’